दोन काटे, लॉगमध्ये एकच नाव: फाइल डिस्क्रिप्टरवरून टर्मिनलचं नाव काढताना

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. इंदूरच्या सियागंजात ठोक किराण्याच्या दुकानात एका लिनक्स मशीनला दोन इलेक्ट्रॉनिक वजनकाटे यूएसबी-सिरियल केबलनं जोडलेत, एक ओट्यावर आणि एक मागच्या गोदामात. पोर्ट उघडण्याचं काम दुसरा प्रोग्रॅम करतो. सी मध्ये लिहिलेल्या तुमच्या प्रोग्रॅमला फक्त उघडे फाइल डिस्क्रिप्टर (उघड्या फाइलला किंवा पोर्टला सिस्टिमनं दिलेले क्रमांक) मिळतात, ३ आणि ४. लॉगमध्ये प्रत्येक वजनासमोर पोर्टचं नाव हवंय. लिनक्स सिरियल पोर्टलाही टर्मिनलच मानतं, म्हणून डिस्क्रिप्टरवरून टर्मिनलचं नाव देणारं टीटीवायनेम हे फंक्शन वापरलं तर दोन्ही काट्यांसमोर एकच नाव येतं आणि अधूनमधून नुसतं नल, म्हणजे रिकामा पॉइंटर. शिवाय प्रोग्रॅम नक्की कुठल्या टर्मिनलवरून सुरू झाला तेही नोंदवायचंय, पण क्रॉनमधून (ठरल्या वेळी प्रोग्रॅम आपोआप चालवणारी सेवा) चालवला की काहीच मिळत नाही.

आधी एकसारख्या नावाचं बघू. तुम्ही एकाच प्रिंटएफमध्ये टीटीवायनेम दोनदा बोलावलंय, एकदा ३ देऊन आणि एकदा ४ देऊन. हे फंक्शन नाव ठेवायला तुमच्याकडे जागा मागत नाही. लायब्ररीच्या आत एकच ठरलेली जागा असते, त्यात ते नाव लिहितं आणि त्या जागेचा पॉइंटर परत देतं. दुसरा कॉल झाला की पहिलं नाव पुसलं जातं. प्रिंटएफला दोन पॉइंटर मिळतात, पण दोन्ही एकाच जागेकडे बोट दाखवतात. त्यातून सी भाषा आर्ग्युमेंट कुठल्या क्रमानं मोजायची हे ठरवून देत नाही. म्हणून ऑप्टिमायझेशन बदललं की कधी दोन्हीकडे यूएसबी०, कधी दोन्हीकडे यूएसबी१ दिसतं. प्रत्येक काट्यासाठी वेगळा थ्रेड असेल तर आणखी वाईट: एका थ्रेडनं नाव घेतलं आणि ते लॉगमध्ये जाईपर्यंत दुसऱ्यानं त्यावर आपलं नाव लिहिलेलं असतं. हे रोज घडत नाही, गर्दीच्या वेळी घडतं, आणि म्हणूनच सापडत नाही.

याला किरकोळ चूक म्हणून सोडू नका. गोदामातल्या काट्याचं ४८.६५० किलो ओट्यावरच्या काट्याच्या नावावर चढलं की पावती आणि माल यांचा मेळ बसत नाही, आणि मग संशय पोती उचलणाऱ्यावर जातो. लॉगमधलं नाव बरोबर असणं हा कुणाच्या तरी प्रामाणिकपणाचा पुरावा असतो.

उपाय म्हणजे टीटीवायनेम_आर. त्याला तीन गोष्टी द्यायच्या: डिस्क्रिप्टर, तुमचा स्वतःचा बफर, आणि बफरची लांबी. प्रत्येक काट्याच्या स्ट्रक्चरमध्ये एक वेगळा बफर ठेवा, पोर्ट हातात आल्याबरोबर एकदाच नाव भरून घ्या आणि पुढे तेच वापरा. प्रत्येक वजनाला नाव नव्यानं काढायची गरज नाही. ग्लिबसीवर (लिनक्सची नेहमीची सी लायब्ररी) नावाची कमाल लांबी, टीटीवाय_नेम_मॅक्स, ३२ आहे, त्यात शेवटचं शून्य धरलेलं आहे. पॉझिक्स या युनिक्स प्रमाणकानं हमी दिलेली किमान मर्यादा मात्र फक्त ९ आहे, म्हणजे '/डेव्ह/टीटीवाययूएसबी०' सुद्धा तिच्यात मावणार नाही. सरळ ६४ बाइट घ्या. ग्लिबसी १० बाइटपेक्षा लहान बफर बघताच ईरेंज ही चूक देऊन मोकळी होते, पुढचं काही करतच नाही.

या फंक्शनची चूक तपासताना बहुतेकांचा हात चुकतो, म्हणून इथे जरा थांबतो. टीटीवायनेम_आर यशस्वी झालं तर शून्य देतं. चूक झाली तर उणे एक देत नाही, चुकीचा क्रमांकच परत देतं, आणि तो अधिक असतो. म्हणजे 'उत्तर शून्यापेक्षा लहान असेल तर चूक' अशी अट लिहिली तर ती अट कधीच खरी होत नाही. बफरमध्ये जो काही कचरा असेल तो नाव म्हणून लॉगमध्ये जातो. अट 'उत्तर शून्य नसेल तर' अशीच हवी. संदेश छापताना पीएररवर विसंबू नका, कारण ते एरनो (शेवटच्या चुकीचा क्रमांक ठेवणारं चल) वाचतं. परत आलेला क्रमांकच स्ट्रएररला द्या. आणि बोलावण्याआधी बफरच्या पहिल्या घरात शून्य टाका, म्हणजे चूक नजरेतून सुटली तरी रिकामं नाव दिसेल, दुसऱ्या काट्याचं दिसणार नाही.

साधं टीटीवायनेम वापरायचंच असेल तर युनिस्टडी.एच हेडर विसरू नका. ते नसेल तर जुना कंपायलर फंक्शन इंट परत देतं असं गृहीत धरतो आणि फक्त एक वॉर्निंग देतो. ६४ बिटांच्या मशीनवर पॉइंटरचा वरचा अर्धा भाग कापला जातो आणि प्रोग्रॅम नाव छापताना कोसळतो. जीसीसी १४ पासून ही सरळ एररच आहे, ते बरं झालं. तुमच्या मशीनवर त्याहून जुना कंपायलर असेल तर वॉर्निंग वाचा.

आता नल का येतं. कारण सोबतच्या चुकीच्या क्रमांकावरून कळतं. ईबॅडएफ म्हणजे डिस्क्रिप्टर उघडाच नाही. बहुतेक वेळा दुसऱ्या प्रोग्रॅमनं तुम्हाला सुरू करताना क्लोज-ऑन-एक्झेक (नवा प्रोग्रॅम सुरू होताच डिस्क्रिप्टर बंद कर, अशी खूण) लावून ठेवलेलं असतं आणि ३ क्रमांक तुमच्यापर्यंत पोचतच नाही. ईनॉटटीवाय म्हणजे डिस्क्रिप्टर उघडा आहे पण टर्मिनल नाही: पाइप, साधी फाइल किंवा सॉकेट. काटा नेटवर्कवरून येत असेल, म्हणजे सिरियल पोर्ट दुसऱ्या मशीनवर आणि मध्ये टीसीपी, तर तुमच्या हातात सॉकेट आहे आणि त्याला टर्मिनलचं नाव असूच शकत नाही. ईरेंज म्हणजे बफर लहान. ईनोडेव्ह म्हणजे टर्मिनल आहे, पण त्याचा रस्ता तुमच्या फाइल सिस्टिममध्ये सापडत नाही. त्याच्याकडे पुढे येतो. आणि ईआयओ. मॅन पेजमधल्या यादीत ते नाही, पण तुमच्या दुकानात सगळ्यात जास्त तेच दिसणार आहे.

ईआयओ येतं केबल निघाली की. यूएसबी केबल उपटली गेली की कर्नल त्या टर्मिनलला हँगअप करतं, म्हणजे त्याची जोडणी तोडतं. डिस्क्रिप्टर क्रमांक ३ तुमच्याकडे उघडाच राहतो, पण त्याच्या मागे काही उरत नाही. रीड शून्य देतं, राइट ईआयओ देतं, आणि टर्मिनलची सेटिंग वाचायचा आयऑक्टलही (कर्नलला डिव्हाइसबद्दल विचारायचा कॉल) ईआयओ देतो. टीटीवायनेम पहिलं पाऊल म्हणून तीच सेटिंग वाचून बघतं, त्यामुळे तिथेच थांबतं आणि नल देतं. डिस्क्रिप्टर टर्मिनल आहे का ते सांगणारं इज-ए-टीटीवाय पण 'नाही' म्हणतं. त्या वेळी '/प्रॉक/सेल्फ/एफडी/३' बघितलंत तर नावाच्या शेवटी कंसात 'डिलीटेड' असं लिहिलेलं दिसेल. पुढची अडचण अशी की तुम्ही डिस्क्रिप्टर बंद केला नाहीत तर कर्नल यूएसबी० हा क्रमांक मोकळा करत नाही. केबल परत लावली की तोच काटा यूएसबी२ म्हणून उगवतो. म्हणून रीडनं शून्य दिलं की लगेच क्लोज करा, दुसऱ्या प्रोग्रॅमलाही त्याची प्रत बंद करायला लावा, आणि मग नव्यानं उघडा. दोघांपैकी एकानं जरी धरून ठेवलं तरी क्रमांक अडकून बसतो.

हे सगळं नीट समजायला फंक्शन आत काय करतं ते कळलं पाहिजे. कर्नलकडे 'या डिस्क्रिप्टरचं नाव सांग' असा थेट टर्मिनलचा कॉल नाही. ग्लिबसी आधी टर्मिनल आहे का ते तपासते. मग '/प्रॉक/सेल्फ/एफडी' मधली त्या क्रमांकाची लिंक वाचते. जो रस्ता मिळेल त्यावर स्टॅट (फाइलची माहिती देणारा कॉल) करते आणि डिस्क्रिप्टरवर केलेल्या एफस्टॅटशी ताडून बघते: कॅरॅक्टर डिव्हाइस आहे का, आयनोड तोच का, डिव्हाइस क्रमांक तोच का. जुळलं तर तेच नाव. नाही जुळलं तर '/डेव्ह/पीटीएस' आणि नंतर '/डेव्ह' मधली एकेक नोंद पाहत जाते. अल्पाइनसारख्या सिस्टिमवर असलेली मसल लायब्ररी ही शोधाशोध करत नाही, फक्त प्रॉकवर विसंबते. तिथे प्रॉक माउंट नसेल तर नाव मिळतच नाही. थोडक्यात, नाव ही फाइल सिस्टिमकडून उसनी आणलेली गोष्ट आहे. डिस्क्रिप्टरची स्वतःची खरी ओळख म्हणजे एफस्टॅटनं मिळणारा एसटी_आरडेव्ह: मेजर (डिव्हाइसचा प्रकार) आणि मायनर (त्या प्रकारातला कितवा) क्रमांक.

तुमच्या कामासाठी मी तोच क्रमांक मुख्य मानतो. यूएसबी-सिरियलचा मेजर १८८ असतो, आणि मायनर म्हणजे नावातला आकडा. १८८:१ म्हणजे टीटीवाययूएसबी१. काही इंडिकेटर स्वतःच यूएसबीनं जोडले जातात आणि टीटीवायएसीएम म्हणून येतात, त्यांचा मेजर १६६. मदरबोर्डवरचा जुना नऊ पिनांचा पोर्ट, टीटीवायएस०, तो ४:६४. टर्मिनल खिडक्या आणि एसएसएच यांचे स्यूडोटर्मिनल (हार्डवेअरशिवाय, सॉफ्टवेअरनं बनवलेली टर्मिनल) १३६ पासून १४३ पर्यंत. मेजर आणि मायनर हे मॅक्रो सिस/सिसमॅक्रोज.एच मधून घ्या, ग्लिबसी २.२८ पासून ते सिस/टाइप्स.एच मधून आपोआप येत नाहीत, आणि जुना कोड नव्या मशीनवर नेला की लिंक करताना याच कारणानं अडतो. क्रमांक हातात असला की '/सिस/डेव्ह/चार/१८८:१' या फोल्डरमधली यूइव्हेंट फाइल वाचा, तिच्यात डेव्हनेम म्हणून नाव लिहिलेलं असतं. हा रस्ता '/डेव्ह' च्या अवस्थेवर अवलंबून नाही. स्यूडोटर्मिनलांना मात्र तिथे नोंद नसते, हे लक्षात ठेवा.

पण खरं सांगायचं तर, यूएसबी० की यूएसबी१ हे लॉगमध्ये बरोबर आलं तरी तुमचा प्रश्न सुटत नाही. वीज जाऊन आली, मशीन पुन्हा सुरू झालं, की कुठली केबल आधी ओळखली जाईल त्यावर क्रमांक ठरतो. काल ओट्यावरचा काटा यूएसबी० होता, आज गोदामातला असेल. लॉगमध्ये काट्याचं नाव हवं, पोर्टचा हजेरी क्रमांक नको. त्यासाठी यूडेव्हचा, म्हणजे '/डेव्ह' मधल्या नावांचा कारभार बघणाऱ्या सेवेचा, नियम लिहा, जो प्रत्येक काट्याला काटा-ओटा आणि काटा-गोदाम अशी कायमची लिंक देईल. नियम कशावर बांधायचा? सिरियल नंबर असेल तर उत्तम. पण बाजारात मिळणाऱ्या सीएच३४० चिपच्या स्वस्त केबलींना सिरियल नंबरच नसतो. अशा दोन एकसारख्या केबली लावल्या की '/डेव्ह/सिरियल/बाय-आयडी' मध्ये दोघींचं नाव एकच होतं आणि एकच लिंक शिल्लक राहते. तिथे आयडी_पाथ वापरा, म्हणजे केबल मशीनच्या कुठल्या भोकात आहे त्यावर ओळख. यूडेव्हअ‍ॅडम इन्फोला प्रॉपर्टी मागितल्या की तो दिसतो. नियमाच्या फाइलचा क्रमांक ६० च्या पुढचा ठेवा, ९९ चालेल, कारण आयडी_पाथ ६० क्रमांकाच्या सिरियल नियमात भरला जातो. मग नियम रीलोड करा, ट्रिगर करा, आणि मशीनच्या मागच्या बाजूला त्या भोकाशेजारी रंगीत चिकटपट्टी लावा. झाडलोट करताना केबल निघाली की लावणाऱ्याला ती पट्टीच उपयोगी पडते.

आता इथे टीटीवायनेम पुन्हा अपुरं पडतं. पोर्ट '/डेव्ह/काटा-ओटा' या नावानं उघडला असला तरी लिंक उघडतानाच सुटते, आणि प्रॉकमध्ये कर्नलचं मूळ नाव दिसतं. टीटीवायनेम_आर तुम्हाला टीटीवाययूएसबी० च सांगेल, लिंकचं नाव कधीच सांगणार नाही. म्हणून दिशा उलटी करा. तुमच्याकडे दोनच नावं आहेत. दोन्हींवर स्टॅट करा (एलस्टॅट नको, ते लिंकवरच थांबतं), त्यांचा एसटी_आरडेव्ह घ्या, आणि डिस्क्रिप्टरच्या एफस्टॅटमधल्या एसटी_आरडेव्हशी जुळवा. ज्याच्याशी जुळला ते त्या डिस्क्रिप्टरचं नाव. एकाशीही जुळला नाही तर केबल निघून परत लागली आहे आणि तुमच्याकडचा डिस्क्रिप्टर मेलेला आहे: लिंक आता नव्या क्रमांकाकडे गेली, तुम्ही जुना धरून बसलात. अशा वेळी वजन नोंदवू नका, पोर्ट पुन्हा मागा.

नाव मिळालं की त्याच नावानं पोर्ट पुन्हा उघडायचा मोह होतो. गरज नसेल तर करू नका. आधीच्या प्रोग्रॅमनं टीआयओसी-एक्सक्ल (पोर्ट दुसऱ्या कुणाला उघडू न देणारं कुलूप) लावलं असेल तर ईबिझी येईल, आणि रूट म्हणून चालवत असाल तर येणार नाही, म्हणजे चाचणीत चालतं आणि दुकानात अडतं. उघडलाच, तर दोन वाचक एकाच काट्याचे बाइट वाटून घेतात आणि ४८.६५० चं एका बाजूला ४८ आणि दुसऱ्या बाजूला .६५० होतं.

आता दुसरा भाग, प्रोग्रॅम कुठून सुरू झाला. टीटीवायनेम शून्यावर बोलावणं ही नेहमीची पद्धत, पण इनपुट फाइलमधून वळवलं की ती फसते. आधी ०, मग २, मग १ असं तपासा. २ हा सहसा सगळ्यात कमी वळवला जातो. तिन्ही वळवलेले असतील तर लोक '/डेव्ह/टीटीवाय' उघडून त्यावर टीटीवायनेम चालवतात. त्याचं उत्तर '/डेव्ह/टीटीवाय' असंच येतं, कारण ते खास डिव्हाइस आहे, ५:०, 'माझं नियंत्रक टर्मिनल' या अर्थाचं. सीटर्मआयडी सुद्धा तेच छापतं. खरं नाव हवं असेल तर '/प्रॉक/सेल्फ/स्टॅट' मधला सातवा रकाना वाचा. समजा तो ३४८१९ आला. मेजर ८ ते १५ या बिटांत असतो, आणि मायनर खालच्या ८ आणि वरच्या १२ बिटांत मिळून. १३६ गुणिले २५६ म्हणजे ३४८१६, उरले ३, म्हणजे १३६:३, म्हणजे '/डेव्ह/पीटीएस/३'. ही ओळ वाचताना एक काळजी घ्या: दुसरा रकाना प्रोग्रॅमचं नाव असतो, कंसात, आणि त्यात जागा असू शकते. नुसतं जागेवर तोडून मोजलंत तर सातवा रकाना चुकेल. शेवटचा बंद कंस शोधा आणि तिथून पुढे पाचवा रकाना घ्या.

क्रॉनमध्ये हा आकडा शून्य येतो. क्रॉननं सुरू केलेल्या कामाला नियंत्रक टर्मिनल नसतंच, तेव्हा काहीच न मिळणं हे बरोबर उत्तर आहे. लॉगमध्ये 'टर्मिनल नाही' असं स्पष्ट लिहा. प्रिंटएफला नल देऊ नका. ग्लिबसी कंसात नल छापते, पण भाषेच्या नियमानं ते बेभरवशाचं आहे. सुडोनं चालवत असाल तर आणखी एक गोष्ट: सुडो १.९.१४ पासून आज्ञा नव्या स्यूडोटर्मिनलमध्ये चालते. तुम्ही पीटीएस/३ वर बसलेले असता आणि प्रोग्रॅम पीटीएस/४ सांगतो. दोन्ही खरं आहे.

कंटेनरमधला ईनोडेव्ह याच्याच जवळचा. बाहेरून उघडलेलं स्यूडोटर्मिनल आत आणलं, पण आतलं '/डेव्ह/पीटीएस' वेगळं आहे, तर लायब्ररी आतल्या त्याच क्रमांकाच्या परक्या टर्मिनलचं नाव देण्यापेक्षा ईनोडेव्ह देते. ते योग्यच आहे. सिरियल पोर्टच्या बाबतीत मात्र ग्लिबसीचं टीटीवायनेम_आर शोधून न सापडल्यावर ईनॉटटीवाय देतं, आणि इज-ए-टीटीवाय त्याच डिस्क्रिप्टरवर 'हो' म्हणतं. अशी विसंगती दिसली की हार्डवेअरवर शंका घेण्याआधी आतली '/डेव्ह' तपासा. टर्मिनल आहे का हे इज-ए-टीटीवायला विचारा, नावाच्या असण्यावरून ठरवू नका.

चाचणीसाठी काटे लागत नाहीत. सोकॅट या दोन टोकं जोडणाऱ्या प्रोग्रॅमला दोन स्यूडोटर्मिनल रॉ मोडमध्ये, एको बंद करून जोडायला सांगा. '-डी' हा पर्याय दोनदा दिला की तो सुरू होताना दोन्ही नावं छापतो, समजा पीटीएस/५ आणि पीटीएस/६. एकीकडून वजनाची ओळ ढकला, दुसरीकडे तुमचा प्रोग्रॅम जोडा. सोकॅटच्या लिंक पर्यायानं काटा-ओटा असं नाव दिलंत तर टीटीवायनेम_आर पीटीएस/६ सांगतं आणि स्टॅटची जुळणी काटा-ओटा सांगते, म्हणजे दोन्ही वाटा टेबलावरच ताडून बघता येतात. केबल निघण्याची चाचणीही इथेच होते: प्रोग्रॅम वाचत असताना सोकॅट बंद करा. कर्नल तसाच हँगअप करतं, रीड शून्य किंवा ईआयओ देतं, नाव विचारलं की ईआयओ. तुमचा लॉग त्या क्षणी काय लिहितो ते बघा, आणि त्यानंतर वजनाची एकही ओळ पडत नाही ना, तेही.